वाऱ्याकडून पेटवलेला राब

शिमगा जवळ आला की जव्हारच्या पठारावर सकाळी धूर साचतो. डोंगरातल्या पाड्यांवर राब भाजायला सुरुवात झालेली असते. दोरीवरच्या सदऱ्याला, उशीच्या अभ्र्याला, माठावरच्या फडक्याला तो वास धरतो. शेजारच्या वहिनी खिडक्या लावून घेतात. मी उघड्या ठेवतो. यात मोठेपणा काही नाही. लावून पाहिल्यात, माझ्याकडे यायचा तो धूर येतोच.

ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीस वर्षं मास्तरकी केली, समजावून सांगायची खोड जात नाही. राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजणं. माघात ऐनाच्या फांद्या छाटायच्या, त्यांचे भारे वाळवायचे, मग शेताच्या एका कोपऱ्यात शेण पसरून त्यावर तो टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यांत वर बारीक मातीचा थर द्यायचा. माती अशासाठी की आग भडकू नये, आतल्या आत धुमसावी. तणाचं बी मरतं, राख जमिनीला मिळते, आणि पाऊस लागला की त्या काळ्या तुकड्यावर रोप हिरवंगार उठतं. झाडं छाटतात म्हणून शहाणी माणसं नाक मुरडतात. मीही नवा होतो तेव्हा मुरडलं होतं. मी सिन्नरकडचा, बाजरी आणि कांदा पाहिलेला. भात मला फक्त ताटातला ठाऊक.

जिल्हा नवा झाला त्या सुमाराची गोष्ट. आमच्या आसपासच्या शाळांनी मिळून ठरवलं की पोरांना आपल्या मुलखाची ओळख व्हावी म्हणून एक लहानशी पुस्तिका काढायची. लिहिणार कोण, यावर फार चर्चा झाली नाही. माझं अक्षर चांगलं, आणि नाही म्हणायची मला सवय नव्हती. कौतुक करून घ्यायची मात्र होती. मी जव्हारात भाड्याच्या खोलीत बसून लिहायला घेतलं. ‘जव्हार हे जुन्या संस्थानाचे गाव असून ते पठारावर वसले आहे. मोखाडा येथे तहसील कचेरी व पंचायत समिती आहे. खोडाळा येथे बाजार भरतो. येथील मुख्य पिके भात, नागली व वरई ही होत.’

यात खोटं एक अक्षर नाही. पण उंची आणि वजन सांगून माणसाची ओळख करून द्यावी, तसं ते होतं. मोखाड्याच्या कचेरीच्या पायऱ्यांवर सकाळपासून बसलेली माणसं त्यात नव्हती, प्लास्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून ती पिशवी मांडीखाली धरून बसलेली. खोडाळ्याच्या बाजारात सुक्या बोंबलाच्या ढिगाला लागूनच बांगडीवाली बसते आणि तिच्या बांगड्यांना घरी गेल्यावरही बोंबलाचा वास येतो, हे नव्हतं. फाल्गुनात पहाटे मोहाच्या झाडाखाली बायका फुलं वेचतात तेव्हा कुणी कुणाशी बोलत नाही, हे तर मला तेव्हा माहीतच नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तरी राबावर एक पान हवं, असं मला मनापासून वाटलं होतं. आणि त्या पानावर फोटो हवा.

खोडाळ्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत ऐनाचा पाडा म्हणून बावीस-पंचवीस घरांची वस्ती आहे. तिथल्या शाळेवर मी पूर्वी सहा वर्षं होतो. धावजी आणि त्याची बायको रखमाय यांचं घर शाळेच्या अगदी खालच्या अंगाला. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण, मागे खळं, आणि खळ्याला लागून भाताचा तुकडा. माझी पाण्याची कळशी सहा वर्षं त्यांच्या झऱ्यावरून भरली गेली. रखमाय मला अरे-तुरे करायची. तशी तिथं सगळीच करतात. साहेब आला तरी ‘तू बस’ म्हणतात, देवालाही तूच म्हणतात. पहिल्या वर्षी मला राग यायचा. गुरुजी म्हणायचं आणि लगेच ‘तू कवा आलास’ विचारायचं, हे काय? पुढे कळलं, की त्यांच्या बोलीत मान क्रियापदात नसतो. तो कशात असतो ते कळायला मात्र मला फार वेळ लागला.

रखमायच्या घरी एक भात होतं. तिच्या सासूनं ते स्वतःच्या माहेराहून, डोंगरापलीकडून पदरात बांधून आणलेलं, म्हणून त्याला ‘माहेरी’च म्हणत. गरवं भात, म्हणजे उशिरा पिकणारं. दाणा तांबूस, पोटाशी काळसर रेघ, टोकाला लांब कुसळ. पूर्वी पाड्यात आणखी चार घरी असायचं. त्यांनी एकेक करून दुकानातलं पिशवीचं बियाणं आणायला सुरुवात केली. शेवटी ते हिच्याकडेच उरलं. ती ते फार लावत नसे, ओलाव्याच्या एका पट्टीत तेवढं. पहिलं कणीस कणसरीला, धान्याच्या देवीला वाहायचं, आणि बाकीचं बाळंतिणीच्या पेजेला. पाड्यात कुणी बाळंत झाली की रखमायच्या घरून सूपभर माहेरी जायचं. मला एकदा ताप आला होता तेव्हा तिनं मलाही त्याची पेज दिली. ‘तुला पण बाळंतीण समजली,’ असं म्हणून धावजी हसत सुटला होता. बी मागच्या खोलीत, मोठ्या कणगीत, शेणानं तोंड लिंपून ठेवलेलं असे.

राबाची माहिती घ्यायला मी आठ दिवस आधी गेलो होतो. धावजीनं अंगणात काटकीनं रेघा ओढून मला सगळं समजावलं. वारा जिकडून येतो तिकडून कधी काडी लावायची नाही. वारा जिकडे जातो त्या टोकाला लावायची, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश मागे सरकते. आणि पेटवायचा उजाडता उजाडता, वारा पडलेला असताना. रखमाय शेजारी नागली पाखडत होती. धावजीचं काही चुकलं की सुधारत होती. मी सगळं लिहून घेतलं आणि त्याच संध्याकाळी स्वच्छ अक्षरात पक्कं केलं: ‘राब नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून पेटवितात.’ हे वाक्य आजही त्या पानावर आहे.

निघताना म्हणालो, मी फोटो काढायला येईपर्यंत राब पेटवू नका. धावजी बरं म्हणाला.

ठरल्या दिवशी मी सकाळी खोडाळ्यात पोचलो. तिथून पुढे जीप भरल्याशिवाय हलत नाही. आमचा जीपवाला एरवीही आरामाचा माणूस, आणि आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. वाटेत दर वळणावर पोरं दोरी आडवी धरून शिमग्याचं पोस्त मागत होती आणि हा प्रत्येक ठिकाणी गाडी बंद करून त्यांच्याशी गप्पा मारत होता. पाड्यावर पोचायला अकरा वाजून गेले. धावजी आणि रखमाय पहाटेपासून राबाच्या कडेला बसून होते. दोघांनी काही खाल्लंही नव्हतं.

वारा सुटला होता. मोठा नव्हे, पण ऐनाच्या उरल्यासुरल्या पानांत वाजण्याइतका. धावजीनं दोनदा मान वर करून शेंडे पाहिले. मला वाटलं, ऊन किती चढलं ते बघतोय. असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो.

रखमायनं खालच्या, वारा जिकडे जात होता त्या टोकाला काडी लावली. बरोबर होतं ते. पण वारा धूर माझ्याकडेच आणत होता. कॅमेऱ्यात पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं, तिकडे उजेड समोरून. मग मी म्हणालो, ‘रखमाय, जरा वरच्या बाजूनं पेटव ना. एवढा फोटो झाला की झालं.’

तिनं धावजीकडे पाहिलं. धावजीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं पेटता टहाळ उचलला, वरच्या टोकाला गेली आणि वाकली.

फोटो चांगला आला. काळी जमीन, त्यावर एका बाजूला झुकलेली केशरी ज्वाळा, आणि पदर खोचून वाकलेली बाई. तो काढल्यावर मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत उभा होतो, तेवढ्यात वाऱ्यानं वरची माती उडवली आणि आग धावली. बांधावरचं गवत, खळ्यावरचा पेंढा, आणि पेंढ्यावरून मागच्या खोलीचा कूड. मी नुसता उभा. सगळा पाडा धावत आला. माणसांनी पुढचं छप्पर ओढून पाडलं म्हणून अर्धं घर वाचलं. शेळ्या सोडल्या. मडकी, गोधड्या, सुनेचा पेटारा बाहेर आला. कणगी दोन माणसांना उचलण्यासारखी नव्हतीच.

आणि मग तो आवाज. आधी एक, मग दोन, मग एकदम पुष्कळ. कणगीतल्या भाताच्या लाह्या फुटत होत्या. साळीच्या लाह्या, दिवाळीत लक्ष्मीपुढे ठेवतो तशा. कूड जळून पडला होता आणि त्या भगदाडातून पांढऱ्याशुभ्र लाह्या उडून अंगणात येत होत्या. पोरांना काय कळतं? ती वेचून खायला लागली, हसायला लागली. कुणीतरी त्यांना हाकललं. रखमाय म्हणाली, ‘खाऊ द्या. आता ता खायचाच झाला.’

मला तो आवाज अजून ऐकू येतो. दिवाळीत लाह्यांची पुडी सोडतो तेव्हा कागदाची चुरचुर झाली तरी ती खाली ठेवतो. जव्हारच्या बाजारात कोपऱ्यावर एकजण चणे-फुटाणे भाजतो; मी तो कोपरा टाळून पलीकडच्या गल्लीनं जातो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला गर्दी सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला आले. भला माणूस, पण हाताला फोड आलेला, पट्टी बांधलेली. म्हणाले, ‘गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं, तुम्हीच लिहा. मी सांगतो.’ मी अंगणात पाट घेऊन बसलो. राखेची धग अजून येत होती. भाऊसाहेबांनी विचारलं, राब कुणी पेटवला? रखमाय म्हणाली, मी. वारा होता का? होता. वरून लावला की खालून? वरून. सगळं खरं होतं. मी का सांगितलं नाही की माझ्या सांगण्यावरून? जीभ टाळूला चिकटली होती म्हणावं, तर नंतरचा चहा मी व्यवस्थित प्यालो. नोकरीवर गदा येईल असं वाटलं असेल. पाड्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही असं वाटलं असेल. भाऊसाहेब सांगत गेले आणि मी लिहीत गेलो: ‘सदर महिलेने वारा वाहत असताना स्वतःच्या हलगर्जीपणामुळे राब पेटविल्याने आग लागली.’ रखमायनं अंगठा दिला. शाई पुसायला तिला फडकं सापडेना, घरात एकही धड राहिलं नव्हतं. तिनं अंगठा राखेत घासला. त्या एका शब्दामुळे पुढे छपराला पत्रे मिळायचे ते मिळाले नाहीत. लिहिलेल्या कागदासमोर कुणाचा इलाज चालत नाही, हे मी शाळेत नेहमी सांगायचो.

राखेत काही दाणे अर्धे करपलेले सापडले. रखमायनं त्यातले मूठभर ओल्या फडक्यात बांधून पाण्याच्या हंड्यापाशी ठेवले. रोज सकाळी सोडून बघायची, पुन्हा बांधायची. दहाव्या दिवशी मी गेलो तेव्हा फडक्याला वास यायला लागला होता. एकालाही मोड आला नव्हता. तिनं ते परसात पुरलं, मेलेलं काही पुरावं तसं, वर दगड ठेवून.

उरलेले पंधरा-वीस दाणे मी काडेपेटीत घालून घेतले आणि त्या उन्हाळ्यात तालुका पालथा घातला. पुस्तिकेत मी ज्या मुलखाचं वर्णन केलं होतं, तो मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. सूर्यमाळच्या बाजूला गेलो, खोडाळ्याच्या बाजारात बसलो, मोखाड्यात कचेरीच्या पायऱ्यांवर कागद सांभाळत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तळहातावर दाणा ठेवला, जव्हारच्या डेपोत गाडीची वाट बघणाऱ्या बायकांना विचारलं. म्हातारी माणसं दाणा उन्हात धरून बघत, दातांनी चावत, कुसळावरून बोट फिरवत. ‘व्हता,’ म्हणत. ‘आमच्या आजीकडं व्हता.’ ‘माझ्या आयसच्या लग्नात ह्याचाच भात व्हता.’ कुणी लगेच परत देत नसे, थोडा वेळ हातात धरूनच बसत. प्रत्येक गावात ते भात होतं, आणि कुठल्याच गावात नव्हतं. पुस्तिकेतल्या नकाशावर मी गावांची नावं सुबक अक्षरांत घातली होती. आता एकेका नावापाशी मला रिकामी कणगी दिसायला लागली. शेवटी पाऊस आला आणि मी काडेपेटी ट्रंकेत टाकली.

पुस्तिका छापून आली. राबाचं पान सगळ्यांना आवडलं. मग मी बदली मागून घेतली आणि ऐनाच्या पाड्यावर जाणं टाळलं. एखादी गोष्ट टाळायची म्हटली की माणसाला किती कामं निघतात! धावजी वारल्याचं मला तेराव्याच्या नंतर कळलं, तेही खोडाळ्याच्या बाजारात. निवृत्त झाल्यावर मुलगी म्हणाली, बाबा, आता नाशिकला या. मी जव्हारातच राहिलो. हवा मानवते, असं सांगतो. गेल्या आठवड्यात बाजूच्या घरातली छोटी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत होती, ‘राब नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून पेटवितात,’ आणि तिच्या मांडीवर तो फोटो होता. तिनं मला विचारलं, ‘आजोबा, मग ह्या बाईनं असा का पेटवलाय?’ इतक्या वर्षांत एकाही मास्तराच्या, एकाही साहेबाच्या हे लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं खोडाळ्याला गेलो.

पाड्यावर जायला आता सडक आहे. रखमाय राबावर होती, चाळलेली माती मुठीनं पसरत होती. पार वाळून गेली आहे. मला ओळखायला तिला क्षणभर लागला.

‘गुरुजी, तू? आज शाळा नाय?’

‘शाळा सुटून चार वर्षं झाली, रखमाय.’

‘हां. बस. सून पाण्याला गेलीय, येल आता.’

मी बांधावर बसलो. मनात पाठ करून नेलेलं होतं, पण घडाघडा आलं नाही. म्हणालो, ‘त्या वर्षी घर जळलं ते माझ्यामुळं. मी तुला वरून पेटव म्हणालो.’

‘ता जुना झाला,’ ती म्हणाली आणि माती पसरत राहिली.

‘आणि पंचनाम्यात मी खोटं लिहिलं.’

आता तिचा हात थांबला. ‘काय लिवलास?’

‘तुला कुणी वाचून दाखवलं नव्हतं?’

‘नाय. भाऊसाहेब बोलला, आथं अंगठा दे. मी दिला.’

मग मी ते वाक्य म्हणून दाखवलं. मला ते कविता पाठ असावी तसं पाठ आहे. तिनं लक्ष देऊन ऐकलं, ओठ हलवत, जसं वर्गात पोर नवा शब्द घेतं. मग म्हणाली, ‘हलगर्जीपणा म्हंजे काय, गुरुजी?’

तीस वर्षं मी शब्दांचे अर्थ सांगितले. फळ्यावर लिहून, वाक्यात उपयोग करून. हा एक अर्थ मात्र बांधावर बसून सांगायचा होता. ‘म्हणजे लक्ष नसणं,’ मी म्हणालो. ‘आपण काय करतोय, त्यानं काय होईल, याची फिकीर नसणं.’

‘म्हंजे माझा ध्यान नव्हता, असा?’

‘असं.’

‘म्हणून पत्रे नाय आले?’

‘म्हणून.’

ती पुन्हा मुठीनं माती पसरायला लागली. सून हंडा घेऊन वर आली, माझ्याकडे बघून घरात गेली. रखमाय म्हणाली, ‘माझा ध्यान व्हता. धावजीचा पण व्हता. वारा आमी पहाटपासून बघत व्हतो.’

‘मग मला थांबवलं का नाहीस?’

‘कशाला थांबवायचा?’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. ‘धावजीनं तुला समदा सांगितला व्हता, कसा पेटवतात. तू माझ्यासमोर लिहून घेतलास. माना वाटला, तुला म्हाईत हाय.’

‘होतं,’ मी म्हणालो.